त्याच मापाची पँट

शिडीदादाची एक खोड होती. नवा माणूस भेटला, की चहा थंड व्हायच्या आत त्याला आपली पँट दाखवायचा. पट्ट्यात दोन बोटं घालून म्हणायचा, "नोकरीला लागलो तेव्हाची आहे बरं का ही. तेच माप. बोटभर इकडे नाही, बोटभर तिकडे नाही." ऐकणारा आधी पँटकडे बघायचा, मग पँटीच्या वरून डोकावणाऱ्या पोटाकडे बघायचा आणि म्हणायचा, "वा." माणसं सभ्य असतात. तोंडावर कोण बोलतं?

तो होता अग्निशमन दलात. कुठे आग लागली की वर्दी यायची, घंटा वाजायची आणि लाल बंब निघायचा. बंबावर शिडी आणि शिडीच्या टोकाला हा. म्हणून सगळे त्याला शिडीदादा म्हणायचे. तरुणपणी खरंच वाऱ्यासारखा चढायचा. वरच्या मजल्यावर अडकलेल्या माणसाला खांद्यावर घेऊन उतरायचा, तेही पोतं टाकल्यासारखं नव्हे. झोपलेलं मूल अंथरुणावर ठेवावं तसं जमिनीवर ठेवायचा. वाचवलेली माणसं पुढे रस्त्यात भेटली की रडायची, आणि हा संकोचून त्यांना पँटीचं माप सांगायचा.

त्याची बायको शिवणकाम करायची. पुढच्या खोलीत मशीन, भिंतीला खुंट्यांवर लोकांचे अर्धवट कपडे, आणि हिच्या गळ्यात सकाळपासून मोजपट्टी. गल्ली तिला टेलरबाई म्हणायची. तिच्या हाताला असा गुण होता, की फाटलेलं जोडलं तर फाटलं होतं कुठे ते फाडणाऱ्यालाही सापडू नये. नवऱ्याचे गणवेशाचे कपडे तीच धुवायची, तीच इस्त्री करायची, तीच खुंटीला लावायची. दादाला फक्त हात वर करून काढायचे आणि पाय घालायचे एवढंच ठाऊक.

आता तुम्ही म्हणाल, माणसाला स्वतःचं पोट दिसत नाही का? दिसतं की. घरात गिऱ्हाइकांसाठी उभा आरसा होता, दाढी करून आला की त्याच्यासमोर तो रोज उभा राहायचा. पोट दिसलं की म्हणायचा, "गॅस धरलाय." जिना चढून धाप लागली की म्हणायचा, "हवा बदललीय." बुटाची नाडी बांधताना डोळ्यांपुढे काजवे चमकले की म्हणायचा, "नाड्याच आखूड आणतात हल्ली." आणि मग पँटीचं बटण लागायचं, टक्कन, आणि सगळ्या शंका मिटायच्या. इतक्या वर्षांची पँट बसतेय म्हटल्यावर गॅसच असणार, दुसरं काय?

आग काही रोज लागत नाही, आणि न लागो. भूक मात्र रोज लागते. स्टेशनात बसून कॅरम खेळायचा, गोड चहा प्यायचा, चहात बिस्किटं बुडवायची. घंटा वाजली की धावायचं, ती वाजेपर्यंत बूड हलवायचं नाही. तरुण असताना सकाळची कवायत असायची, ती आधीच्या साहेबांच्या काळात हळूहळू बंद पडली. कुणी तिच्या नावानं रडलं नाही.

मग नवे साहेब आले. किरकोळ अंगाचे, हळू बोलणारे. आल्या आल्या त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. सगळ्यांना नवे गणवेश मिळतील. आणि नव्या गणवेशात सगळ्यांची चाचणी होईल, सरावाच्या मनोऱ्यावर पाइपाची गुंडाळी खांद्यावर घेऊन शेवटच्या मजल्यापर्यंत. जो चढेल तो बंबावर, जो चढणार नाही त्याला दुसरं काम.

"मला कसली आलीय चाचणी," दादा म्हणाला. "मी तर पँटसुद्धा बदलली नाही अजून."

स्टोअरवाला गणवेश वाटत बसला होता. तोंडाचा फाटका माणूस. त्यानं चष्म्यावरून बघत विचारलं, "माप?"

दादानं माप सांगितलं.

"दादा, कुणा पोराचं नाही विचारलं. तुझं."

"माझंच सांगतोय. लागलो तेव्हापासून तेच आहे."

स्टोअरवाल्यानं पँट पुढे सरकवली. दादा आतल्या खोलीत गेला. पँट गुडघ्यांच्या वर आली, मांडीपाशी अडली. त्यानं ओढली, उड्या मारल्या, श्वास आत घेऊन भिंतीला टेकला. कशीबशी वर आली तर बटण एका तीरावर, काज दुसऱ्या तीरावर, मध्ये ही भलीमोठी नदी. तो बाहेर येऊन म्हणाला, "मापाचा शिक्का चुकलाय ह्यांचा. लहान शिवलंय." स्टोअरवाल्यानं पुढचं माप दिलं. तेही नाही. त्याच्या पुढचं दिलं. तोवर दारात चार टाळकी जमली होती आणि प्रत्येक पँटीला एक टोमणा पडत होता. शेवटी जी बसली, ती पायांत इतकी लांब की बुटांवर चुरगळून पडली.

"आता ही बसली," स्टोअरवाला म्हणाला. "दादा, पाय तेवढे वाढव."

सगळे हसले. लंबू तेवढा हसला नाही. लंबू म्हणजे दादाचा जोडीदार. दोघं एकाच दिवशी नोकरीला लागलेले, शिडीवर दादा पुढे आणि लंबू त्याच्या खाली, अशी जोडी ठरलेली. लंबू बाहेर बंबाकडे बघत उभा राहिला, जणू बंब आजच आला होता.

दादानं ती लहान मापाची पँटही घरी आणली. बायकोच्या पुढ्यात टाकली. "बघ गं. जुन्या मापाचीच मागितली, तर ही दिली. मांडीतच अडते. मोजून बघ, कापड खाल्लंय ह्यांनी."

तिनं पँट उचलली, घडी घातली, मशीनच्या कडेला ठेवली. मोजली नाही. गळ्यात मोजपट्टी लोंबत होती, आणि जी बाई उशीच्या अभ्र्यालासुद्धा दोनदा पट्टी लावते, तिनं पट्टीला हात लावला नाही.

तिथे दादाच्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली. तो आत गेला, खुंटीवरून जुनी पँट काढली आणि उलटी केली. बाहेरून ती पँट गुळगुळीत होती. आतून मात्र तिच्यात सगळा इतिहास लिहिलेला. मागच्या शिवणीत जादा कापड असतं, ते सगळं संपलेलं. कापड संपलं तिथे दोन्ही बाजूंना वरपासून खालपर्यंत दुसऱ्या कुठल्याशा खाकीच्या पट्ट्या जोडलेल्या. आणि त्या शिवणींच्या शेजारी सुईच्या बारीक भोकांच्या जुन्या ओळी. एक ओळ, तिच्या बाहेर दुसरी, तिच्या बाहेर तिसरी. उसवलेल्या शिवणी जिथे होत्या तिथे खुणा सोडून गेल्या होत्या. नदीचं पाणी ओसरताना काठावर रेघा राहतात ना, तसं. फक्त इथे पाणी चढत गेलेलं.

तो पँट घेऊन बाहेर आला. "हे काय आहे?"

"शिवण."

"किती वेळा?"

"मोजलं नाही."

"पण केलंस का?"

तिनं मशीनवरचा दोरा तोडला. "त्या गोदामाच्या आगीत तुमचा पाय मोडला होता. प्लास्टर निघालं, आणि पँट वर येईना. तुम्ही पलंगावर बसून भिंतीकडे बघत होतात. म्हणालात, संपलो मी, आता मला शिडीवर कोण घेतंय. जेवला नाहीत. तुम्ही आंघोळीला गेलात तेवढ्यात मी मागची शिवण उसवून सैल केली. मग घातलीत, आणि काय म्हणालात आठवतं?"

त्याला आठवत होतं. बघ, जसाच्या तसा. असं म्हणाला होता, आणि पोटभर जेवला होता.

"ते एकदा झालं. पुढच्या वेळी?"

"पुढच्या वेळी सांगणारच होते. पण तोवर तुम्ही सगळ्या गल्लीला माप सांगून मोकळे झाला होतात. मी काय तुमचं तोंड खाली घालू?"

"आणि मी गल्लीत पट्ट्यात बोटं घालून फिरत होतो," दादा म्हणाला, "तेव्हा तू ह्या खिडकीतून बघत होतीस."

दुसऱ्या कुणी फसवलं असतं तर तो ओरडला असता. हिच्यावर ओरडायचं कसं, तेच त्याला कळेना. माणूस चोरावर ओरडतो. ज्यानं रोज ताटात वाढलं, इस्त्री करून खुंटीला लावलं, आजारपणात उशाशी बसलं, त्यानंच घरफोडी केली तर काय करायचं? तो बरोबर आणलेली मोठ्या मापाची, लांब पायांची पँट उचलून निघाला.

"पाय आखूड करायचे ना? आणा इकडे," ती म्हणाली.

तो थांबला नाही. रस्ता ओलांडून समोरच्या टेलरकडे गेला. टेलरबाईच्या नवऱ्यानं पँट दुसऱ्या टेलरला दिली, हे भर दुपारी उभ्या गल्लीनं बघितलं. समोरच्या टेलरनं तर पँट घेण्याआधी एकदा टेलरबाईच्या खिडकीकडे बघून घेतलं. पँट शिवून घरी आली तेव्हा तिनं खालची दुमड उलटून बघितली आणि एवढंच म्हणाली, "टाका मोठा घातलाय." पण त्या दिवशी मशीन पुन्हा चाललं नाही.

चाचणीचा दिवस आला. सरावाचा मनोरा म्हणजे लोखंडी जिन्यांची नुसती उभी चौकट. वारा आरपार जातो. दादानं गुंडाळी खांद्यावर घेतली. पहिले मजले चढला. मग पाय जड झाले, कानात ढोल वाजायला लागले, श्वास घशातच अडकून बसला. मागून लंबू सवयीनं पुढे सरकला आणि गुंडाळीखाली खांदा घालायला वाकला.

"त्यांना एकट्याला," खालून साहेब म्हणाले.

लंबू मागे झाला. दादा आणखी थोडा चढला, आणि अर्ध्यावर पायरीवरच बसला. बसला म्हणजे पायांनीच त्याला बसवलं.

साहेब वर चढून आले. ओरडले नाहीत. खालच्या पायरीवर बसले. "दादा, वर कुणी अडकलं असतं तर?"

दादा नुसता धापा टाकत होता.

"बरं, तुम्हीच धुरात असे बसलात, तर तुम्हाला खाली न्यायला कोण? न्यायला येणारे अडकले तर त्यांच्या बायकापोरांना मी काय सांगू?" साहेबांनी त्याचा श्वास खाली बसेपर्यंत वाट बघितली. "पुढच्या चाचणीपर्यंत फोनच्या खोलीत बसा. तेव्हा वर पोचलात तर बघू. नाही पोचलात, तर तीच खोली."

संध्याकाळी लंबू हौदाजवळ येऊन शेजारी उभा राहिला. "दादा, एक सांगू?"

"आता काय राहिलंय?"

"गुंडाळीचा निम्मा भार मी खालून खांद्यावर घेत होतो. बरीच वर्षं."

दादाला आठवलं, आपण सगळ्यांना सांगायचो, हल्ली पाइप हलके येतात. त्यानं विचारलं, "तुला कुणी सांगितलं होतं?"

लंबूनं मान खाली घातली. "वहिनी म्हणाल्या होत्या. जरा सांभाळून घ्या, म्हणाल्या. ह्यांना कळू देऊ नका."

म्हणजे घरात एक माप शिवणीत लपवत होती, बाहेर दुसरा भार खांद्यावर घेत होता, आणि दोघांनी मिळून ह्याला बाहुल्यासारखं शिडीवर उभं केलं होतं. दादाला वाटलं, मनोऱ्यावर लाज वाटली ती बरी. ती निदान आपली होती.

फोनची खोली म्हणजे एक टेबल, एक खुर्ची आणि चार भिंती. वर्दी आली की हा पत्ता लिहून घ्यायचा, घंटा दाबायचा. बाहेर बूट धडधडायचे, बंब निघायचा, आवाज लांब जात जात विरायचा, आणि हा खुर्चीत. बंब परत येईपर्यंत त्याच्या पायांना मुंग्या यायच्या. लंबूच्या पुढे आता दुसराच कुणी चढत होता.

दादानं ठरवलं, पुढच्या चाचणीत वर जायचंच. पण उतावळेपणा काही जात नव्हता. त्यानं जेवण सोडलं. नुसतं लिंबूपाणी. भर उन्हात अंगावर रेनकोट चढवून मैदानाला फेऱ्या मारायला लागला, का तर घाम आला की चरबी वितळते असं कुणीसं सांगितलं होतं. काट्यावर आकडा खाली गेला, दादा खूश. पाणी प्यायला, आकडा परत वर. मग चक्कर आली, आणि गुडघा सुजून नारळाएवढा झाला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. ह्याच्या गुडघ्याला फडकं बांधायची वेळ आली.

लंगडत डॉक्टरबाईंकडे गेला. बाईंनी आधी रक्तदाब बघितला, मग नाक मुरडलं, मग पोटाभोवती पट्टी लावली.

"उंचीच्या निम्म्यापेक्षा कंबर कमी हवी. तुमची किती पुढे गेलीय ते तुम्हीच बघा."

दादा बघेना.

"बघा. पट्टी चावत नाही."

त्यानं बघितलं. पहिल्यांदाच कुणीतरी त्याला खरा आकडा दाखवत होतं, तेही अनोळखी बाई.

"हे किती वर्षांत चढलं?" बाईंनी विचारलं.

"बऱ्याच."

"मग रेनकोट घालून आठवड्यात उतरेल? घाम म्हणजे पाणी. आणि उपाशी राहिलात तर चरबीबरोबर मांसही झडतं. शिडीवर काय चढतं, मांस की लिंबूपाणी?" मग त्या नीट सांगायला लागल्या. गुडघा बरा झाला की रोज भरभर चालायचं. इतकं भरभर, की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. खुर्चीत बसायचं आणि हात न लावता उठायचं, भिंतीला हात टेकून ढकलायचं, म्हणजे मांड्या आणि खांदे जागे होतील. मग हळूहळू जिना, आधी रिकाम्या हातांनी, मग ओझं घेऊन. ताटात निम्मी भाजी, डाळ किंवा अंडी रोज, चहातली साखर बंद, झोप पुरी. "आणि काट्यावर रोज उभं राहू नका. काटा रुसतो, माणूस रडतो. घरी स्वयंपाक कोण करतं?"

"बायको."

"मग पुढच्या वेळी त्यांनाही आणा."

"नको."

"भांडण? कशावरून?"

"कपड्यांवरून," दादा म्हणाला. बाईंनी पुढे विचारलं नाही. नवरा-बायकोची भांडणं कपड्यांवरून होतात, ह्यात त्यांना नवल वाटलं नसावं.

कालव्याच्या कडेनं तो चालायला लागला. पहिले दिवस वाईट गेले. म्हाताऱ्या बायका पिशव्या घेऊन त्याला मागे टाकून जायच्या. पण खरी पंचाईत निराळी होती. बाईंनी सांगितलं होतं, बोलता आलं पाहिजे. आता एकट्यानं बोलत चाललं तर लोक दुसऱ्याच डॉक्टरकडे पाठवतात. लंबू रोज पुलापाशी येऊन उभा राहायचा आणि हा त्याच्यापुढून मान वळवून जायचा. शेवटी एक दिवस दादा थांबला.

"चल. पण मी तुझ्याशी बोलत नाहीये. श्वास तपासतोय."

"बरं," लंबू म्हणाला.

"आणि मला हात लावायचा नाही. पडलो तरी."

"पडलास तरी?"

"पडलो तरी."

घरात मात्र अबोला होता. तो स्वतःचे कपडे स्वतः धुवायचा. वाळत घातलेल्या पँटी संध्याकाळी उलट्या करून शिवणी तपासायचा, दारात साप दिसल्यावर घरभर काठी आपटतात तसं. तिला ते दिसायचं. ती पायाखालची पट्टी दाबून मशीन चालवत राहायची.

एकदा जेवताना त्यानं घास खाल्ला, थांबला. "भाजीत तेल कमी घातलंयस."

"हो."

"कधीपासून?"

"तुम्ही दवाखान्यातून आलात तेव्हापासून. डॉक्टरबाईंनी दिलेला कागद टेबलावर होता, वाचला."

दादानं ताट सरकवलं. चांगलीच गोष्ट होती, तरी त्याच्या डोक्यात तिडीक गेली. "हे पण न सांगता? माझ्या पोटात काय जातं ते मला कळायला नको? तू परत तेच करतेयस. फक्त ह्या वेळी उलट्या बाजूनं."

तिचा हात तसाच भाजीच्या डावावर राहिला. तिला वाटलं होतं, ह्या वेळी तरी बरोबर करतोय आपण. ती म्हणाली, "मला सांगून काही करायची सवय नाही हो. आईनंही कधी कुणाला सांगून केलं नाही. घरात बाई गुपचूप करते, तेच चांगलं असं वाटायचं."

"तुला चांगलं वाटायचं. मी मनोऱ्यावर बसलो होतो."

दुसऱ्या दिवसापासून तिनं सांगायला सुरुवात केली, आणि एकदा सुरू केलं ते सुरूच. "आज भाजीत तेल चमचाभर. भात वाटीभर कमी. अंडी दोन उकडलीत. तुमचा टॉवेल धुतलाय, शिवलेला नाही." दादाला हसू यायचं, पण तो हसायचा नाही. राग इतक्या स्वस्तात घालवायचा नव्हता त्याला.

हळूहळू फरक पडला. नाडी बांधताना काजवे चमकेनासे झाले. झोप लागायला लागली. मनोऱ्याच्या पायऱ्या आधी तो नुसता चढला, मग रेतीची पिशवी घेऊन, मग गुंडाळी घेऊन, थांबत थांबत. लंबू मागे असायचा, हात पाठीशी बांधून. दादा वळून बघून घ्यायचा, हात पाठीशीच आहेत ना. वजनाचा काटा मात्र मुंगीच्या पावलानं सरकत होता. डॉक्टरबाई म्हणाल्या, सरकतोय ना, मग झालं.

चाचणीच्या सकाळी तो मशीनसमोर जाऊन उभा राहिला. हात थोडे वर केले. "मोज."

तिनं वर बघितलं.

"कंबर मोज. आणि जे असेल ते सांग."

तिनं गळ्यातली मोजपट्टी काढली. इतक्या वर्षांत गल्लीतल्या प्रत्येकाची कंबर मोजली, नवऱ्याचीच राहिली होती. पट्टी फिरवली, बोटानं आकडा धरला. तिच्या तोंडावर आलं होतं, बोटभर कमी सांगावं, सकाळची वेळ आहे, मनोऱ्यावर जाताना मन तरी हलकं राहील. पण तिनं पट्टीवर होता तोच आकडा सांगितला.

त्याला वाटलं होतं त्यापेक्षा तो मोठा होता. "एवढा?"

"एवढा. उतरलाय. पण एवढा आहे."

तो निघून गेला.

मनोऱ्यावर त्यानं गुंडाळी घेतली आणि चढायला लागला. मागे कुणी नव्हतं. ज्या पायरीवर मागच्या वेळी बसला होता ती कधी गेली ते त्याला कळलं नाही. शेवटचा मजला उरला तेव्हा छाती भात्यासारखी चालायला लागली. तो कठड्याला धरून उभा राहिला. बसला नाही. उभा राहिला, श्वास घेतला, आणि मग उरलेल्या पायऱ्या एकेक करून चढला. वर पोचला. गुंडाळी खाली ठेवली. वरून सगळं गाव दिसत होतं.

खाली आल्यावर साहेब म्हणाले, "पोचलात."

"पोचलो."

"थांबून पोचलात. शिडीवर थांबायला जागा नसते, दादा. मी तुम्हाला बंबावर घेतो. पंपावर. पाण्याचा दाब सांभाळायचा, वरच्या माणसाला पाणी कमी पडू द्यायचं नाही. शिडी आता नाही."

दादा घरी आला. बायको मशीनवर होती. तिनं पाय थांबवला. "काय झालं?"

"बंबावर घेतलं. पंपावर. शिडी गेली." तो गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसला. "एकदाच थांबलो गं. शेवटच्या मजल्याला. एकदाच. तेवढ्यावरून शिडी काढून घेतली."

पूर्वीची वेळ असती तर ती म्हणाली असती, त्यांना काय कळतंय, तुमच्यासारखा चढणारा कोण आहे तिथे. ती वाक्यं तिच्या जिभेवर तयार असायची, इस्त्री केलेल्या कपड्यांसारखी. तो त्यांचीच वाट बघत होता, हे तिला कळलं. त्यालाही कळलं.

"धाप लागली होती ना?" तिनं विचारलं.

"लागली होती."

"मग बरोबरच केलं त्यांनी."

दादाच्या अंगावर कुणी गार पाणी ओतल्यासारखं झालं. तो उठायला गेला, पण उठला नाही. मग म्हणाला, "हे तू त्या प्लास्टरच्या वेळीच म्हणाली असतीस तर आज मी शिडीवर असतो."

"तेव्हा जेवला नसतात तुम्ही."

"एक दिवस नसतो जेवलो. दोन दिवस. मेलो नसतो."

"नाही," ती म्हणाली. "मेला नसतात." आणि डोळे पुसले नाहीत, नाक मात्र पदरानं पुसलं. "ते माझ्याकडून गेलं. परत देता येणार नाही."

गेलं ते गेलंच होतं. राग अजून छातीत होता, शेवटच्या मजल्यावरच्या श्वासासारखा, धड आत नाही, धड बाहेर नाही. त्यानं तिच्याकडे बघितलं. दिवसभर मशीनवर वाकून तिचे खांदे गोल झाले होते, पाय सुजून चपलेच्या पट्ट्यांत रुतले होते. हे त्यानंही कधी तिला सांगितलं नव्हतं.

"उद्यापासून तूही कालव्यावर चल," तो म्हणाला.

"माझी गिऱ्हाइकं येतात सकाळी."

"सकाळी कोण येतं? कावळे?"

"गुडघे दुखतात माझे."

"खरं सांग."

"आळस येतो."

"हं," दादा म्हणाला. "मग पहाटे उठवतो. आणि चालताना बोलावं लागतं, डॉक्टरबाईंनी सांगितलंय. मी तुझ्यावर अजून रागावलेला आहे, तेव्हा तूच बोल."